दोन दारांची गाडी

मोटारींच्या जाहिरातींत 'कूपे' हा शब्द अलीकडे फार मानाने मिरवू लागला आहे. २०२४ च्या ऑगस्टात टाटांची कर्व्ह आणि सिट्रोएनची बसाल्ट या गाड्या अवघ्या काही दिवसांच्या अंतराने लोकांसमोर आल्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात महिंद्रांनी विजेवर चालणाऱ्या आपल्या दोन नव्या गाड्यांवरील पडदा दूर केला. या साऱ्यांच्या वर्णनात कूपे हा शब्द आहेच. गाड्या उपयोगाच्या असतील, टिकाऊही असतील. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते शब्दाच्या वापराशी. जमिनीपासून वीतभर उंच उचललेल्या, चार दारांच्या आणि पाच माणसांचा संसार घेऊन निघालेल्या वाहनाच्या छपराला पाठीमागे थोडा उतार दिला की त्याची कूपे होते, असा विक्रेत्यांचा समज झालेला दिसतो. तुळशीवृंदावनावर कळस बसविल्याने त्याचे देऊळ होत नसते.

ज्यांनी पूर्वी आगगाडीच्या पहिल्या वर्गाने प्रवास केला आहे त्यांना हा शब्द परका नाही. चौघांच्या खोलीस केबिन व दोघांच्या खोलीस कूपे म्हणण्याचा रेल्वेतील प्रघात आजही चालू आहे, आणि नवपरिणीत जोडप्यास कूपे मिळावा म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांनी आरक्षण कारकुनाच्या किती विनवण्या केल्या असतील याची गणती नाही. रेल्वेतला तो कूपे आणि रस्त्यावरची ही कूपे, दोघे एकाच आईची लेकरे. फ्रेंच भाषेत 'कूपे' म्हणजे कापलेला. युरोपात समोरासमोर दोन बाके असलेल्या घोडागाड्या असत. त्यांतील घोड्यांकडे पाठ करून बसण्याचे पुढचे बाक कापून टाकले आणि दोघांपुरती आटोपशीर गाडी केली, ती कूपे. घोडे गेले, इंजिने आली, तरी नाव टिकले आणि नावामागचा अर्थही टिकला: काहीतरी कापून टाकलेली गाडी.

आमच्या मते या गाडीचे सारे मर्म त्या कापण्यात आहे. मागची दोन दारे गेली, मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरची जागा गेली, सामानाची जागा आखडली. लग्नाचे वऱ्हाड, चतुर्थीच्या माटोळीचे सामान, आजोळी निघालेली मुले, यांपैकी काहीही या गाडीत मावत नाही, आणि ती तसे लपवीतही नाही. त्याच्या मोबदल्यात जे मिळते ते मात्र खरे असते. छप्पर खाली आल्याने वजनाचा मध्य जमिनीच्या जवळ येतो. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलंडू पाहते ती कमी कलंडते. छप्पर कायमचे जोडलेले असल्याने उघड्या गाडीहून सांगाडा ताठ राहतो. समोरून येणारा वारा अंगावरून विनातक्रार निघून जातो. आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो हे लक्षात घेतले, तर हा लाभ किरकोळ म्हणता येणार नाही. ज्या गाडीने काहीच सोडलेले नाही तिला यांतले काहीच मिळत नाही. उरते ते फक्त नाव.

या जातीच्या श्रेष्ठ गाड्यांकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. त्यांचे सौंदर्य बहुधा कोणत्या तरी अडचणीतून जन्मलेले असते. १९५४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मर्सिडीजने ३०० एसएल ही कूपे मांडली, तेव्हा तिची दारे पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडताना पाहून लोक थक्क झाले. कोणी तरी नाटकी कलावंताने ती कल्पना काढली असेल असे कोणालाही वाटावे. वस्तुस्थिती अगदी रुक्ष आहे. वजन वाचविण्यासाठी रुडॉल्फ उलेनहाउट या अभियंत्याने गाडीचा सांगाडा बारीक पोलादी नळ्यांच्या जाळीचा केला होता, आणि ती जाळी मजबूत राहावी म्हणून तिच्या दोन्ही कडा इतक्या उंच ठेवाव्या लागल्या की तेथे नेहमीचे दार बसविणेच अशक्य झाले. मग बिजागऱ्या छपरावर गेल्या. आत शिरणे ही एक कसरत होती, म्हणून स्टिअरिंगचे चाक दुमडण्याची सोय करावी लागली. दाराच्या काचाही खाली जात नसत. आमच्याकडील मे महिन्यात त्या गाडीत बसणाऱ्याचे काय झाले असते याचा विचार न केलेलाच बरा. अशा अवघ्या १,४०० कूपे निघाल्या आणि १९५७ साली त्यांचे उत्पादन थांबले. सत्तर वर्षे होत आली तरी त्या पंखांची मोहिनी उतरलेली नाही.

दुसरे उदाहरण १९६१ सालचे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जग्वारने ई-टाइप दाखविली. तिचा आकार रेखाटणारा माल्कम सेयर हा मूळचा विमानाच्या कारखान्यातला माणूस. तो वक्ररेषा हाताने ओढीत नसे, आकडेमोड करून ठरवीत असे. लांबच लांब बॉनेट, मागे ढकललेली दोन माणसांची खोली आणि तेथून शेपटीपर्यंत न अडखळता उतरत गेलेले छप्पर! तासाला दीडशे मैलांचा दावा करणारी ही गाडी इंग्लंडात दोन हजारांहून थोड्या अधिक पौंडांना मिळत होती. तिच्या बरोबरीच्या गाड्यांना त्याच्या जवळपास दुप्पट मोजावे लागत. गणित करणाऱ्या माणसाच्या हातून इतकी लावण्यवती वस्तू घडावी, हे सौंदर्य आणि उपयुक्तता यांच्यात सवतीमत्सर पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९६१ हे साल गोवेकराला वेगळ्याच कारणाने पाठ असते. तरीही त्या सालाचा आणि मोटारींचा संबंध येथे अगदीच नाही असे नव्हे. पोर्तुगीज आमदानीच्या अखेरच्या दशकात एकीकडे भारताची आर्थिक नाकेबंदी होती आणि दुसरीकडे खाणींचा पैसा होता. परदेशी मालाच्या आयातीस फारशी आडकाठी नव्हती. भारतात अँबॅसडर वा फियाटसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, त्या काळी पणजी-मडगावच्या रस्त्यांवर जर्मन आणि अमेरिकी मोटारी सहज दिसत. मर्सिडीजची टॅक्सी असते हे बाहेरच्या पाहुण्याला सांगितले तर खरे वाटत नसे. मुक्तीनंतर भारताचे आयातनियम येथेही लागू झाले आणि त्या गाड्या पात्रांवांच्या गॅरेजांतून हळूहळू म्हाताऱ्या होत गेल्या. पण मोटार ही डोळे भरून पाहण्याची वस्तू आहे ही जाणीव या भूमीत तेव्हापासून रुजलेली आहे. तेव्हा गोव्याच्या वृत्तपत्राने आपला अग्रलेख कूपेवर खर्च केला तर वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आम्ही बाळगतो.

कापण्याचा विषय निघालाच आहे तर जर्मनीतील वुनिबाल्ड काम या प्राध्यापकाचे नाव घेतलेच पाहिजे. वाऱ्याला कमीत कमी अडविणारा आकार म्हणजे पाण्याच्या थेंबासारखा, मागे निमुळता होत गेलेला, हे पूर्वीपासून ठाऊक होते. पण तसे करायचे तर गाडीची शेपटी हातभर लांबते. १९३० नंतरच्या दशकात काम यांनी दाखवून दिले की ही शेपटी योग्य ठिकाणी सरळ कापून टाकली तरी वारा बराचसा तसाच वागतो, जणू शेपटी तेथे आहेच. १९६१ च्या सुमारास अल्फा रोमिओच्या झगाटोने घडविलेल्या छोट्या जुलिएट्टा कूपेने ही कापलेली शेपटी अंगावर वागविली, आणि पुढे ती शर्यतीच्या गाड्यांची ओळखच बनली. जे नाही त्याचाही वाऱ्यावर परिणाम व्हावा, यासारखी मौजेची गोष्ट यंत्रशास्त्रात क्वचितच सापडेल.

येथे कोणी म्हणेल की हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत. अर्धसत्य आहे. फोक्सवॅगनच्या साध्या, गरीब बीटलच्या सांगाड्यावर १९५५ साली कारमान गिया नावाची कूपे चढविली गेली. आतले इंजिन तेच, मागून फटफटणारे. फोर्डने १९६४ च्या एप्रिलमध्ये मस्टँग काढली ती फाल्कन या बेताच्या किमतीच्या गाडीचे भाग वापरून. पहिल्या वर्षातच चार लाखांहून अधिक मस्टँगा खपल्या. त्या घेणारे काही लक्षाधीश नव्हते. कारकून, शिक्षिका, नुकती नोकरी लागलेली पोरे यांनी त्या घेतल्या. देखणी वस्तू थोड्या पैशांतही घडविता येते, घडविणाऱ्याच्या मनात असेल तर. २०१६ साली ती मस्टँग भारतात आली तेव्हा मात्र तिच्या पोटात पाच लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन होते आणि किंमत साठ लाखांच्या वर. आम्ही ती म्हापशाच्या बाजारपेठेतून एकदा नेली आहे. देवळाचा हत्ती बोळातून नेणाऱ्या माहुताला काय वाटत असेल ते आम्हांला त्या दिवशी कळले. गुरगुर मात्र झकास!

खरी कूपे कळते ती घाटात. एका स्नेह्यांच्या कृपेने आम्हांला ऑडीची टीटी चोर्ला घाटातून बेळगावपर्यंत नेण्याची संधी मिळाली. जानेवारीची सकाळ होती, केरी सोडल्यावर रस्ता झाडीत शिरला. प्रथम जाणवते ते बसणे. नेहमीच्या गाडीत आपण खुर्चीवर बसतो, येथे पाटावर बसल्यासारखे बसतो. रस्ता समोरून न येता अंगाखालून वाहत जातो. खिडक्या लहान, पुढची काच आखूड, त्यामुळे बाहेरचे जग चौकटीत बसविल्यासारखे दिसते. मागे वळून पाहायला फारसे काही नसते. पहिल्या दोन वळणांवर आम्ही जपून होतो. तिसऱ्या वळणावर हात आणि गाडी यांची ओळख झाली. स्टिअरिंग बोटभर फिरवावे, नाक तेवढेच वळावे. अंग झुकत नाही, टायर कुरकुरत नाहीत, आणि डांबराचा पोत, सुटी खडी, ओलसर पट्टा हे सारे तळहाताला आधी कळते, डोळ्यांना मागून. वेग किती असेल? काटा चाळीस-पन्नासच्या पुढे गेला नसेल. तेवढ्या वेगात दीड-दोन तास कसे गेले ते समजले नाही. बाजूने भाजीचे टेम्पो आम्हांला मागे टाकून गेले, आणि त्याचे आम्हांला यत्किंचितही वैषम्य वाटले नाही.

या टीटीचा इतिहासही बोधक आहे. १९९८ साली ती आली तेव्हा तिची वाटोळी पाठ पाहून साऱ्या जगाने वाहवा केली. परंतु जर्मनीतील वेगमर्यादा नसलेल्या महामार्गांवर, अतिवेगात, वळणावर अचानक पाय काढला असता तीच वाटोळी पाठ वाऱ्याने उचलली जाऊन मागची चाके हलकी होत. प्राणांतिक अपघात घडले. तेव्हा कारखान्याने विकलेल्या गाड्या परत बोलावून डिकीच्या झाकणावर एक छोटी पट्टी बसविली, चाकांवर लक्ष ठेवणारी विद्युत यंत्रणा दिली आणि खालच्या रचनेत फेरफार केले. त्या पट्टीने रूप बिघडले असे रसिक म्हणाले. आमच्या मते ती पट्टी हाच त्या गाडीचा सर्वांत प्रामाणिक भाग होता. पंचवीस वर्षे तीन पिढ्या काढून २०२३ साली टीटीचे उत्पादन बंद झाले. तिच्या जागी काही आलेले नाही.

पोर्शची ९११ आम्ही चालविली ती आंबोलीत, आणि तिच्याविषयी थोडे जपूनच लिहिले पाहिजे, कारण तिचे भक्त कडवे असतात. १९६३ साली फ्रँकफुर्टला ही गाडी प्रथम दिसली. तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असते. हातोडा दांड्याकडून पुढे फेकावा तसा हा प्रकार. शास्त्र म्हणते की हे चूक आहे. वळणाच्या मध्यावर घाबरून पाय काढला की वजनदार पार्श्वभाग पुढे यायला पाहतो, आणि पूर्वीच्या गाड्यांत तो येतही असे. कारखान्याने १९६८ साली पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर ५७ मिलिमीटरांनी वाढविले, पुढे टायर रुंदावले, नंतर विद्युत यंत्रणा आल्या. पण इंजिन काही जागचे हलविले नाही. साठ वर्षे एकाच चुकीचा पाठपुरावा करून तिचे शास्त्र बनविण्याची ही जिद्द जर्मनांनाच शोभते. चालविताना कळते ते असे: वळणाआधी सगळे ब्रेक मारून घ्यावेत, वळणात शिरल्यावर मन बदलू नये, आणि वळण संपता संपता पाय हळूहळू दाबीत गेले की गाडी मागच्या चाकांवर बसून, मांजर झेप घेण्याआधी बसते तशी, पुढे सुटते. ज्याला आधी ठरविता येत नाही त्याची ही गाडी नव्हे. आमचे घामाघूम तळवे त्याला साक्ष आहेत.

आमच्या देशात दोन दारांची गाडी कधी रुजली नाही, आणि त्याचे कारण रस्त्यात शोधण्यापेक्षा घरात शोधावे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने साठीच्या दशकात हेरल्ड काढली. इटलीच्या मिकेलोत्तीने रेखाटलेली, पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळणारी, बॉनेट पुढच्या बाजूस सबंध उलटून उघडणारी ती गाडी होती नेटकी. इंग्लंडात तिची कूपेही निघाली होती. आपल्याकडे आली ती दोन दारांची साधी. तेवढेही आपणांस मानवले नाही. पुढची खुर्ची वाकवून नऊवारीतल्या आजींना मागे बसविणे हा काही सुखाचा सोहळा नव्हता, आणि मुलाने गाडी घेतली तर आईला मागच्या बाजूस ऐसपैस बसता आले पाहिजे ही अपेक्षा रास्तच होती. दशकाच्या अखेरीस हेरल्डला चार दारे फुटली. टाटांनी १९९१ साली पुण्यात सिएरा काढली, तिलाही दोनच बाजूदारे होती. लोकांनी तिचे कौतुक केले आणि दुसरी गाडी घेतली. २०२५ साली सिएरा हे नाव परत आले, चार दारे घेऊनच. २००३ साली मारुतीने झेनच्या दोन दारांच्या मोजक्या गाड्या काढून पाहिल्या, त्या आज संग्राहकांच्या गप्पांतच भेटतात. कुटुंब सोडून एकट्यासाठी वा दोघांसाठी काही घ्यावे, ही कल्पनाच आपल्याकडे थोडी अपराधी वाटते. त्या भावनेला आम्ही हसणार नाही. मात्र तिच्यामुळे आपण कशाला मुकलो हे सांगण्याचा हक्क राखून ठेवतो.

कापण्याचे वावडे आम्हांला आहे असेही म्हणता येत नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांहून आखूड व लहान इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली, आणि लगोलग आमच्या अभियंत्यांच्या हातात करवत आली. २००८ साली इंडिगोची शेपटी कापली गेली, २०१२ साली डिझायरची. काम प्राध्यापकांनी वाऱ्यासाठी शेपटी कापली, आम्ही अर्थखात्यासाठी! २०२५ च्या सप्टेंबरात करांचे दर बदलले, तरी चार मीटरांची ती रेघ जागच्या जागी आहे. एखाद्या देशातील मोटारींचे रूप आरेखकाच्या फळ्यावर न ठरता कराच्या तक्त्यात ठरते, तेव्हा तेथे कूपे निपजण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

आणि तरीही एकदा प्रयत्न झाला होता, तो आमच्याच अंगणात. १९९८ साली सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची छोटी गाडी बाजारात आली. बंगळूरच्या, आगगाडीची इंजिने बांधणाऱ्या उद्योगसमूहाची ही निर्मिती, आणि ती घडत होती गोव्यात. आरेखन फ्रान्समध्ये झालेले, अंग फायबरग्लासचे, इंजिन रेनॉचे ११४९ घनसेंटिमीटरचे, जेमतेम साठ अश्वशक्तीचे. छप्पर काढता येणारे, त्यामुळे काटेकोर अर्थाने तिला कूपे म्हणता येणार नाही. परंतु दोघांपुरती, खुजी, हलकी आणि त्या बाबतीत कोणतीही सबब न सांगणारी अशी ती होती. साठ अश्वशक्तीत काय होते असे तेव्हा अनेकांनी नाक मुरडले. आमच्या अरुंद, दोन्ही बाजूंनी माड आणि मानशी असलेल्या रस्त्यांवर साठ अश्वशक्ती पुरून उरते हे नाक मुरडणाऱ्यांना सांगावे असे आम्हांला त्या वेळीही वाटे. गाडी फार खपली नाही. गोव्याने घडविलेली खेळकर मोटार म्हणून तिची एखादी प्रत सरकारने राज्य संग्रहालयासाठी मिळवावी, अशी सूचना आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी उचलली तिच्याकडे वळतो. कूपेचे नाव विक्रेते एका बाजूने स्वस्त करीत आहेत, तर दुसऱ्या बाजूने ते रक्ताने माखले जात आहे. २०२३ च्या ६ ऑगस्टला बाणस्तारीच्या पुलावर एका भरधाव, आलिशान मोटारीने वाहनांना ठोकरले आणि तिघांचे प्राण गेले. २०२४ च्या १९ मे रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे पहाटेच्या वेळी पोर्शने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. चालविणारा सतरा वर्षांचा असल्याचे पोलिसांनी सांगितले, आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट ऐकून सारा महाराष्ट्र संतापला. न्यायनिवाडा न्यायालयांकडे सोपवू. आमचे सांगणे निराळे आहे. बाणस्तारीची गाडी उंच आणि अवजड होती; पुण्यातली विजेवरची, चार दारांची होती. दोन्हींपैकी एकही कूपे नव्हती. लोकांच्या तोंडी मात्र 'स्पोर्ट्स कार' हाच शब्द आला, आणि तेव्हापासून बुटकी, देखणी गाडी रस्त्यावर दिसली की बघ्यांच्या डोळ्यांत कौतुकाआधी भीती दिसते.

ती भीती निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. अलीकडच्या वर्षांत गोव्याच्या रस्त्यांवर वर्षाकाठी अडीचशेहून अधिक माणसे मरतात. पंधरा-सोळा लाख वस्तीच्या राज्यात प्रत्येक गावाने त्यात कोणाला ना कोणाला गमावले आहे, आणि मरणारे बहुतांशी दुचाकीवरचे व पायी चालणारे असतात. काळ्या पाटीची भाड्याची गाडी घेऊन किनाऱ्यावर बेफाम सुटलेला पर्यटक आणि बापाची किल्ली उचललेले खाणमालकाचे पोर यांच्यात आम्हांला फरक दिसत नाही. दोघांनाही गाडी कळत नाही. दोघांना कळते ती फक्त शक्ती, आणि ती आपल्या पायाखाली आहे एवढेच. घाटात चाळिसाच्या वेगात दोन तास सुखाने काढणारा माणूस आणि सरळ रस्त्यावर दीडशे गाठून दुसऱ्याच्या अंगणात शिरणारा माणूस यांना एकाच नावाने 'शौकीन' म्हणणे हा शौक या शब्दाचाच अपमान आहे. गवई आणि कर्ण्यावर किंचाळणारा या दोघांनाही आवाज असतोच की!

हा फरक गाडीच्या चाहत्यांनीच मोठ्याने सांगितला पाहिजे, कारण ज्यांना गाड्यांचे प्रेम नाही त्यांच्या तोंडून तो उपदेश वाटतो. प्रेम करणाऱ्यांनी आजवर मौन पाळले आहे. उलट, रात्री उशिरा मांडवीच्या पुलावर कोणी किती वेग गाठला याच्या कहाण्या याच मंडळींत मिटक्या मारीत सांगितल्या जातात. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड ठेवला आहे. कायदा पुरेसा आहे. वापरणारा हात मात्र खिशात राहतो, आणि पालक कोण आहे यावर तो किती वेळ राहतो ते ठरते.

सरकारकडून आम्हांला आणखी एका गोष्टीची अपेक्षा आहे, आणि ती खर्चिक नाही. आपल्याकडे परवाना मिळतो तो इंग्रजी आठाच्या आकड्यात गाडी फिरविल्याबद्दल आणि मागे घेता आल्याबद्दल. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला असता गाडी किती फूट घसरते, चाके जागी अडली तर स्टिअरिंग का निकामी होते, वळणात पाय काढला की मागची बाजू काय करते, यातले काहीही परवानाधारकाने कधी अनुभवलेले नसते. ते सारे तो पहिल्यांदा अनुभवतो ते अपघाताच्या क्षणी. मद्रासजवळ, कोइमतूरला, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला शर्यतीचे बंदिस्त मार्ग आहेत. इंदूरजवळ पिथमपूरला केंद्र सरकारने गाड्यांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरांचा वर्तुळाकार मार्ग २०२१ साली खुला केला. गोव्याला एवढे मोठे काही नको. आमच्याकडे जमीन नाही आणि शर्यतीच्या निमित्ताने ती कोणी गिळंकृत करावी हेही आम्हांला नको. परंतु २०१८ च्या न्यायालयीन आदेशानंतर डिचोली-सांगे भागात ज्या खाणी बंद पडल्या, त्यांतल्या काहींच्या माथ्यावर ट्रकांसाठी सपाट केलेल्या जागा ओसाड पडून आहेत. त्यांपैकी एखादी जागा वाहतूक खात्याने मागून घ्यावी, तिच्यावर डांबर घालावे, अर्ध्या भागावर पाणी सोडण्याची सोय करावी, आणि नवा परवाना घेणाऱ्या प्रत्येकाला तेथे अर्धा दिवस घसरू द्यावे. वेगवान गाडी विकत घेणाऱ्याला पूर्ण दिवस. त्याची फी त्याच्याकडून वसूल करण्यास आमची हरकत नाही, त्याला ती परवडते.

शिकविण्यासाठी तेथे कूपेच आणली पाहिजे असे मुळीच नाही. मागच्या टायरांची नक्षी झिजलेली एखादी जुनी मारुती ८००, पाण्याचा एक टँकर आणि शांत डोक्याचा एक शिक्षक, एवढ्यावर येत्या पावसाळ्याआधी काम सुरू होऊ शकेल.